खाटेपर्यंत आलेली पावलं

मला वाटलं होतं, गाव म्हणेल, आलीस, बरं झालं. गावानं विचारलं, परत कधी जातेस?

एकानं नव्हे, सगळ्यांनी. आणि रागानं नव्हे, मायेनं. मी लोणारच्या स्टँडवर उतरले तो १९६३ चा जून होता. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात लाकडी पेटीतला सूक्ष्मदर्शक. बडोद्याला आधी आत्याकडे, मग वसतिगृहात, अशी अठरा वर्षं राहून, प्राणिशास्त्राची पदवी घेऊन, तिथल्या कॉलेजातली जागा नाकारून मी आले होते. नवं राज्य तीन वर्षांचं झालं होतं. शिकलेल्या मुलींनी आपापल्या गावी परतावं, तिथल्या मुलांना डोळे उघडून बघायला शिकवावं, असं मला अगदी पोटातून वाटत होतं. अजूनही वाटतं.

बाबा घ्यायला आले होते. मी पाया पडायला वाकले आणि ते दोन पावलं मागे सरले.

"राहू दे, राहू दे," ते म्हणाले. मग ट्रंक उचलली आणि चालता चालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "परतीची एसटी सोमवारी हाय. चालंन?"

मी हसले. थट्टा असेल असं वाटलं.

शाळेत माझं बरं चाललं. तळ्याच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवून मी नववीच्या मुलांना दाखवला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून बाटल्या भरभरून पाणी आणलं. पण बाजारात सुभद्राबाई मेथीच्या जुडीवर दुसरी जुडी फुकट टाकायची आणि म्हणायची, "खा वं माय, न् जाय लवकर बडोद्याले." देवळापाशी बसलेले म्हातारे मला बघून उठून उभे राहायचे, वाट द्यायचे, जरा जास्तच वाट द्यायचे. वर्षभरात मला कुणाचा हात लागला नाही. ही गोष्ट लक्षात यायला मला बरेच महिने लागले, आणि लक्षात आल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

घरी आई नव्हती. ती मी सातवीत असताना गेली. बाबा आणि मी. ते रोज रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी लावायचे. चोरांचं भय आहे म्हणायचे. वैशाखात सगळं लोणार अंगणात खाटा टाकून झोपायचं आणि मी आत, कडीबंद. त्याचा मला त्रास झाला नाही, हेही खरं. मला उकडत नाही. माझे हात कायम गार. बडोद्याला वसतिगृहातल्या मैत्रिणी डोकं दुखलं की माझा तळवा कपाळावर ओढून घ्यायच्या. रक्ताभिसरण कमी, एवढंच मी त्याचं कारण मानलं होतं. आयुष्यात मला कधी घाम आल्याचं आठवत नाही.

वर्ष संपलं. निकाल लागले. मी हरले होते. ज्या गावाला मी नको आहे, त्या गावाची सेवा कशी करायची? मी ट्रंक भरली, दोरीनं बांधली. सकाळची जालन्याची एसटी पकडायची ठरलं. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. ते दिसायला नको होतं.

वैशाखातली अमावस्या होती. संध्याकाळी मी रामरावकाकांकडे गेले ते फक्त त्यांच्या सुनेचा, जनकाबाईचा, कंदील परत करायला.

रामरावकाका म्हणजे बाबांचे बालमित्र. तळ्याच्या उतारावर, गोड्या पाण्याच्या धारेखाली त्यांचा केळीचा मळा होता. आता थकले होते, अंगणात बाजेवर बसून असायचे. जनकाबाई माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ.

"घ्या!" ती म्हणाली. "कंदील वापस द्याले आली, न् अंधारात घरी जाशीन कशी? बडोद्याले हेच शिकोलं काय?"

"नक्षत्रांच्या उजेडात जाईन," मी म्हणाले.

"हाव. नक्षत्रं तुह्या पायाखालचा विंचू दाखवतीन."

काका हसले. तिनं मला पाटावर बसवलं, गुळाचा चहा दिला, आणि कप माझ्या हातात न देता समोर जमिनीवर ठेवला. रोजच्यासारखाच. त्या दिवशी मला ते सहन झालं नाही.

"काका," मी म्हणाले, "मी उद्या जाते आहे. आता तरी सांगा. मला रोग आहे का काही? माझ्या आईनं काही केलं होतं? हे सगळे मला का..."

जनकाबाई पदराशी चाळा करत बसली. काकांनी कंदिलाची वात कमी केली.

"एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "माह्या वळखीच्या एका माणसाची हाय. त्याचं नाव विचारू नोको. गोष्ट आयकून घे, न् सकाळी गाडीत बसून जाय."

ती गोष्ट मी माझ्या भाषेत लिहिते. जिथे त्यांचे शब्द सुटत नाहीत, तिथे ते तसेच ठेवते.

*

तो माणूस साधा, कामाशी काम ठेवणारा. त्याला एकच मुलगी, पाच वर्षांची. तिला मुदतीचा ताप आला. मेहकरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि बापाला बाजूला घेऊन सांगितलं, हा ताप डोक्यात चढतो आहे, डोक्यावर बर्फ ठेवायला हवा, बर्फ मिळाला तर आशा आहे. मेहकरात बर्फ कुठला? बर्फ खामगावला, कारखान्यात.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं. गावात येणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे मोठी टाकी, तिच्यात कोळसे पेटवायचे, चढ आला की माणसं उतरायची आणि गाडी ढकलायची. गाडीचा ड्रायव्हर रज्जाक, त्या माणसाचा दोस्त. दोघं रंगपंचमीच्या आदल्या दिवशी गेले. खामगावात लादी घेतली, लाकडाच्या भुशात घातली, वर दोन पोती गुंडाळली. बापानं ती मागच्या टाकीपासून लांब, पुढे आपल्या पायांशी ठेवली.

परतीचा दिवस रंगपंचमीचा. रस्त्यावर पोरं रंग उडवत होती. गाडीत एकानं थट्टा केली, "पाटील, जरासा तुकडा द्या ना, गुळाचं सरबत करू." बापानं पोत्यावर हात ठेवला होता. पोतं थेंब थेंब गळत होतं.

चिखलीला लादी अर्धी झाली. मेहकरला पाव. मेहकर सोडलं तेव्हा अंधार पडला आणि आभाळ भरून आलं.

"मंग गारा आल्या," काका म्हणाले. "साध्या न्हाई. बोराएवढ्या, मंग लिंबाएवढ्या. गाडीचं छत फाटलं. कोळसा इझला. गाव दोन मैल राह्यलं होतं, न् गाडी बंद."

बापानं पोतं सोडून बघितलं. आत ओला भुसा होता. बाकी काही नव्हतं.

तो रस्त्यातच खाली बसला. रज्जाकनं त्याला खांद्याला धरून उठवलं. म्हणाला, अरे, बर्फ सगळीकडे पडलाय, वेच की. खरंच. दोघं गाडीचा कंदील घेऊन रस्त्याच्या कडेला गारा वेचू लागले. पण फाल्गुनातली जमीन दिवसभर तापलेली. गार हातात घ्यावी तर पाणी. पोत्यात टाकावी तर पाणी. वेचता वेचता ते रस्ता सोडून आत गेले, तळ्याच्या काठाकडे, बाभळींत.

तिथे एका बाभळीखाली तो पडला होता. जात्याच्या तळीएवढा बर्फाचा गोळा. पडला तिथे जमीन खचली होती. भोवतालच्या गारा विरघळून गेल्या होत्या आणि याच्या भोवती माती कोरडी.

"वितळून नव्हता राह्यला," काका म्हणाले. "रंगही बर्फाचा नव्हता. निळा... काळा निळा. रज्जाकनं कंदील जवळ नेला. तं आत काहीतरी होतं."

"काय?" मी विचारलं.

"गाईच्या पोटातलं वासरू पाह्यलं कधी? तसं. आंग मुडपून. डोळे मिटेल."

जनकाबाईनं पदर डोक्यावर ओढला. ही गोष्ट तिनं ऐकली असणार, तरी ओढला.

"रज्जाक म्हने, भगवंतराव, ठेवा ते खाली. हे बरफ न्हाई. यात कोनी तरी झोपलं हाय..."

काका थांबले.

कंदिलावर एक किडा आपटत होता, तेवढाच आवाज.

भगवंतराव माझ्या बाबांचं नाव.

"पुढे सांगा, काका," मी म्हणाले.

"पोरी, मले..."

"सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कंदिलाकडे बघत सांगितलं.

बापानं ऐकलं नाही. त्याला आत काय आहे ते दिसलं होतं, चांगलं दिसलं होतं. त्यानं एवढंच बघितलं की हा बर्फ वितळत नाही. अंगावरच्या घोंगडीत गोळा गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. दोन मैल. तो खांदा पुढे कायमचा जड झाला. डावा. मी लहानपणापासून, म्हणजे जेवढं आठवतं तेवढं, बाबांना उजव्याच हातानं सगळं करताना बघितलं आहे.

घरात आई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. गारांनी कौलं फोडली होती. पाणी सरळ चुलीत गळत होतं, चूल विझलेली. बापानं गोळा तांब्याच्या घंगाळात, साठलेल्या पाण्यात ठेवला, मुसळानं कडेचे टवके काढले, फडक्यात बांधून पोरीच्या कपाळावर ठेवले. आतल्या त्या गोष्टीला मुसळ लागू दिलं नाही.

ताप उतरला. तासाभरात उतरला. पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं.

"तुही माय खुशीनं रडाले लागली," काका म्हणाले. आता ते 'एक माणूस' म्हणत नव्हते. "पोर एवढी तापली म्हणजे कोनाची तरी नजर लागली, असं तिच्या मनात. तिनं मीठ-मोहरी घेतली, तुह्यावरून ओवाळली. आता नजर काढली की मीठ चुलीत टाकतेत. चूल तं इझेल. मंग पान्यात टाकतेत. घरात पानी कुठं, तं..."

"घंगाळात."

"हाव."

मूठभर खडे मीठ. आई पाठमोरी झाली तोच घंगाळात आवाज झाला. तड. मग पुन्हा. तड... तड... जो बर्फ उन्हानं तापलेल्या जमिनीवर वितळला नाही, तो मिठानं फुटत होता. बाप धावला. गोळ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

आणि त्याच वेळी आईनं हाक मारली. पोर गार पडत होती. ताप उतरून थांबला नव्हता, उतरतच चालला होता. हात गार. पाय गार. ओठ निळे. आईनं छातीला कान लावला.

"श्वास नव्हता," काका म्हणाले.

मग दिवा गेला. वारा नव्हता. दिवा गेला.

अंधारात दोघं. मेलेली पोर खाटेवर.

घंगाळातलं पाणी हललं.

काठावरून काहीतरी खाली उतरलं. ओलं. हलकं.

फरशीवर आवाज. एक. थांबला. मग दुसरा.

आई ओरडली नाही. बापानं काठी उचलली नाही. हे दोघांनीही काकांना पुढे सांगितलं, वेगवेगळं, आणि सारखंच सांगितलं. भीतीनं नव्हे. तो आवाज असा होता, की कुणी खूप लांबून चालत आलंय आणि त्याला कुठे बसावं कळत नाही...

खाट करकरली.

मग खूप वेळ काही नाही.

मग पोरीनं श्वास घेतला.

*

"सकाळी म्या गेलो," काका म्हणाले. "दार मीच उघडलं. घंगाळात नुसतं पानी. पोर झोपेल, नाकाशी हात धरला तं श्वास चांगला. न् फरशीवर ओली पावलं. लहान. चार बोटांची, टाच नसंल तशी. घंगाळापासून खाटेपर्यंत आली होती." त्यांनी हातानं जमिनीवर दाखवलं, इथून इथपर्यंत. "परत गेली नव्हती. दाराकडं न्हाई, खिडकीकडं न्हाई. खाटेखाली म्या सोता पाह्यलं."

घंगाळ. आमच्या परसात एक तांब्याचं घंगाळ पालथं पडलेलं असतं, त्यावर जात्याची तळी. ते कुणी वापरत का नाही, हे मी आल्या आल्या विचारलं होतं. भोक पडलंय, बाबा म्हणाले होते.

"मग मला बडोद्याला का पाठवलं?"

"तू रात्री उठून चालाले लागली. झोपेतच. एकदा तळ्याच्या काठावर सापडली, एकदा अर्ध्या उतारावर. रज्जाक म्हने, त्याले तळ्यात जायचं होतं. आभाळातून निघालं तेच तिथं जायले. तिथं त्याचं कोनी आधी पडलं असंन, काय ठाऊक किती हजार वर्सापूर्वी. रस्त्यात ही पोरगी भेटली, न् ते थांबलं." काकांनी तोंड पुसलं. "आता ते गेलं तं तू राहशीन का? हे कोन सांगंल? म्हणून तुह्या बापानं तुले तळ्यापासून लांब धाडलं. म्हणून हात लावत न्हाई. ऊब लागून ते हाललं तं, असं त्याले वाटते. न् आम्हालेही तसंच वाटते, माय. कोनी तुह्यावर रागावेल न्हाई."

मी शास्त्र शिकलेली आहे. मी सांगितलं की मुदतीचा ताप असाच एकदम उतरतो, अंग गार पडतं, नाडी हाताला लागत नाही. गारा कधी कधी फार मोठ्या पडतात. घाबरलेली माणसं अंधारात काहीही ऐकतात. तळं आकाशातून काही पडून झालं की ज्वालामुखीनं, यावरच अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

"हाव," काका म्हणाले. "तसंही असंन."

जनकाबाईनं कंदील पुन्हा माझ्यासमोर ठेवला. मग जरा थांबून, सासऱ्यांकडे बघून, तो उचलला आणि माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

"बाप्पा," ती हळूच म्हणाली, "किती गार वं."

तिनं हात लगेच काढला नाही.

*

घरी येताना मी सगळ्या शंका क्रमानं मांडत होते. प्रत्येकीला उत्तर होतं. एकीला नव्हतं.

मी का आले?

अठरा वर्षांत मला गावाची स्वप्नं पडत होती. मी त्यांना मातृभूमीची ओढ म्हणत होते, वसतिगृहात त्यावर भाषणं केली होती. पण स्वप्नात बाबा कधी आले नाहीत. आई नाही, घर नाही, शाळा नाही. दर वेळी एकच. एक खोल वाडगा, त्याच्या तळाशी हिरवं पाणी, आणि मी वरून खाली बघते आहे. इतकं एकटं वाटायचं की उशी भिजायची.

ते स्वप्न माझंच होतं ना?

बाबा अंगणात बाजेवर बसून होते. मी आत गेले. त्यांनी रोजच्यासारखी बाहेरून कडी घातली. मी कंदील विझवला आणि आडवी झाले. ट्रंक पायाशी होती.

झोप आली नाही. मी त्याचा विचार करत होते. मी एक वर्ष माणसांच्या स्पर्शावाचून काढलं होतं आणि मोडून गेले होते. ते किती काळ त्या बर्फात होतं? आणि शेवटच्या दोन मैलांवर, स्वतःचं घर समोर दिसत असताना, ते एका परक्याच्या मरणाऱ्या पोरीपाशी थांबलं. पुढे त्याला अठरा वर्षं शेकडो मैल लांब नेऊन ठेवलं. ते माझ्यातून कसंबसं परत आलं, वर्षभर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहिलं, एका कडीच्या आत. आणि उद्या सकाळी मी त्याला पुन्हा घेऊन जाणार होते.

हे सगळं खोटं असेल तर दार उघडून काहीच होणार नव्हतं.

खरं असेल तर मी मरेन.

मी उठून दाराशी गेले.

"बाबा."

बाहेर बाज करकरली.

"बाबा, कडी काढा."

"झोप मंदे. सकाळी गाडी हाय."

"रामरावकाकांनी सांगितलं."

मग त्यांचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला. खालून. ते उंबऱ्याशी बसले असावेत.

"मंग तुले समजलं असंन, मी काऊन..."

"समजलं."

"तरी म्हनतं कडी काढा?"

"त्यानं मला सांभाळलं, बाबा. एवढी वर्षं. त्याला कोंडून ठेवायचं आणि मी मुलांना काय शिकवायचं?"

मग एक आवाज, जो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"तू ऱ्हायशीन का?" ते म्हणाले. "मंदे... तू ऱ्हायशीन का पोरी?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी खोटं बोलले नाही.

कडी निघाली.

मी परत खाटेवर आले. दार उघडं. अमावस्या.

"तुला जायचं असेल," मी अंधारात म्हणाले, "तर जा. माझी हरकत नाही."

काहीच झालं नाही. मला स्वतःचं हसू आलं.

मग गारठा आला. बाहेरून नाही. माझ्या फासळ्यांतून. बोटांपर्यंत.

कुठेतरी तड झालं.

मी डोळे मिटले.

श्वास घ्यायचा होता... घेता येईना.

खाट करकरली. माझ्या बाजूनं. कुणी उठावं तशी.

फरशीवर एक पाऊल.

थांबलं.

माझ्या कपाळाला काहीतरी लागलं. गार. तळव्यासारखं. जसा मी वसतिगृहात मैत्रिणींच्या कपाळावर ठेवायचे, तसा. तेवढाच वेळ.

मग दुसरं पाऊल. मग...

*

जाग आली ती उन्हानं. उकडत होतं. पाठीला पातळ चिकटलं होतं आणि कानामागून काहीतरी ओघळत होतं. मी बोट लावून बघितलं. घाम होता.

मी उठून बसले. खोलीत पहिल्यांदाच मी एकटी होते. हे कसं कळलं ते सांगता येत नाही. आयुष्यभर चालू असलेला बारीकसा आवाज थांबावा, तसं. मला रडू आलं.

फरशीवर ओली पावलं होती. खाटेपासून निघून दाराकडे गेलेली. चार बोटं, टाच नाही. काकांनी लहान सांगितली होती. मी त्यातल्या एकाशेजारी माझं पाऊल ठेवून बघितलं. माझ्याएवढीच होती.

बाबा उंबऱ्यावर बसल्या बसल्या झोपले होते, डोकं चौकटीला टेकून, पाय आडवे पसरून. पावलं त्यांच्यापर्यंत सरळ आली होती. मग त्यांनी बाबांच्या पायांना वळसा घातला होता, आणि अंगणातून, बाभळींकडे, तळ्याच्या बाजूनं निघून गेली होती. वैशाखातलं ऊन चढलं होतं. अंगणातली माती तापली होती. तरी ती वाळली नव्हती.

मी वाकून बाबांच्या पायांना हात लावला. ते दचकून जागे झाले. मागे सरले नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं, आणि किती तरी वेळ धरून ठेवलं. मग त्यांची नजर अंगणात गेली.

स्टँडकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. जालन्याची.

"गाडी आली," बाबा म्हणाले. या वेळी तो प्रश्न होता.

गावी यायचं माझ्या मनानं घेतलं होतं की त्याच्या, ते मला कधीच कळणार नाही. मी आत गेले, ट्रंकेपाशी बसले, आणि दोरीची गाठ सोडायला घेतली.